चौदापैकी तेरा

नाही, तुम्ही मला एवढंच सांगा, शेव ही डाळ असते का? हसू नका, खरं सांगा. कारण तुम्हाला सांगतो, धुळ्यात, हृदयाच्या डॉक्टरसमोर, त्रेसष्ट वर्षांचा पेन्शनर माणूस, ज्याला विचारल्याशिवाय आमच्या गल्लीत कुणाचं लग्न ठरत नाही, तो छातीत स्टेंट घेऊन, खुर्चीत पुढे सरकून, हात जोडून म्हणाला, "मॅडम, शेव कशाची? बेसनाची. बेसन कशाचं? हरभऱ्याचं. मग हरभरा डाळ शे का नही, तुम्हीच सांगा!" ...आणि हा माणूस माझा बाप आहे हो! आणि या माणसाला मी सहा महिने, दर रविवारी, पेन घेऊन समोर बसून मार्क देत होतो. किती? चौदापैकी तेरा! मला स्वतःला आयुष्यात कधी पडले नाहीत एवढे!

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल पोरगं चक्रम आहे. तसं म्हणणारे आमच्याकडे आधीच खूप आहेत, तुम्ही रांगेत मागे उभे राहा.

मी योगेंद्र. जळगावचा. धुळ्याला देवपुरात इंजिनियरिंगला होतो, दुसऱ्या वर्षाला सोडलं. सोडलं म्हणजे मी सोडलं, त्यांनी काढलं नाही. आणि सांगून सोडलं! होस्टेलची गादी गुंडाळली, एसटीने घरी आलो, पायातले बूट काढायच्या आधी सांगून टाकलं, "आबा, कॉलेज सोडलं, मला त्यातलं काही कळत नाही आणि कळतंय असं दाखवत अजून दोन वर्षं बसायचं नाही." आता हे खरं बोलल्याबद्दल मला काय मिळालं? माय आठ दिवस बोलली नाही. आणि आबा, म्हणजे माझे वडील, भिकन आबा, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालेले... आबांनी नवव्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला, मला घेतलं आणि थेट देवपूर. कशाला? तर प्रिन्सिपॉलच्या हातापाया पडायला! मे महिना, दुपारचा एक, कॉलेजच्या पायऱ्या. सातव्या पायरीवर आबा खाली बसले. छातीवर हात. घाम असा सुटला की शर्टाची इस्त्री मोडली.

झालं! धुळ्यातच अ‍ॅडमिट, तिथेच स्टेंट. आणि बाहेरच्या बाकावर नातेवाईक. एकजण हळूच, म्हणजे मला ऐकू येईल इतपत हळूच, "पोऱ्यानं टेन्शन दिधं ना भो..." मी? मी टेन्शन दिलं? तीस वर्षं हा माणूस कालव्याच्या काठाने गावोगाव फिरला, ज्या गावात पाणी सोडलं त्या गावात जेवला, रश्श्यावरची लाल तर्री भाकरीला लावून नाही हो, वाटीने प्यायला, वर मूठभर कच्चे शेंगदाणे, वर मिरचीचा ठेचा, आणि त्या ठेच्यावर परत तेलाची धार... आणि रक्ताची नळी कुणी तुंबवली? तर योगेंद्रने! सेकंड इयरच्या गणिताने!

पण खोटं कशाला बोलू... लागलं मला ते. त्या पायऱ्यांवर माझा बाप माझ्यासाठी चढत होता, एवढं तर खरं होतं ना.

मग डॉक्टर मेघा मॅडम आल्या. तरुण आहेत, फटाफट बोलतात, कागदावर नळ्या काढून दाखवतात. म्हणाल्या, "काका, एक नळी मोकळी केली. दुसरीत साठ टक्के अडथळा आहे. तिला आज हात लावत नाही. सहा महिने गोळ्या, चालणं आणि जेवण. नोव्हेंबरमध्ये तपासू. थांबली असेल तर सुटलात. वाढली असेल तर बायपास, छाती उघडावी लागेल." छाती उघडावी लागेल म्हटल्यावर आबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. मी बघितलं ते. आयुष्यभर कॉलर उघडी टाकून फिरणारा माणूस!

आणि मॅडमनी तो कागद दिला. मेडिटरेनियन डाएट. भूमध्य समुद्राच्या काठची माणसं जे खातात ना, ते. भाज्या, फळं, डाळी, मासे, सुकामेवा, ऑलिव्हचं तेल. त्यावर चौदा प्रश्न. पाळलं तर एक मार्क, नाही पाळलं तर शून्य. दर आठवड्याला भरायचा. मॅडमनी स्वतः मराठीत करून घेतला होता. आबांनी तो हातात धरून, लांब धरून वाचला आणि म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे समुद्र नही. तापी शे." मॅडम म्हणाल्या, "तापी चालेल, काका. तर्री चालणार नाही."

"हा कागद भरणार कोण?" मॅडमनी विचारलं. आणि तुम्हाला सांगतो, त्या खोलीतली सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली. माय, मामा, आत्या, सगळे. कुणी बोललं नाही, पण काय बोलले ते मला ऐकू आलं... याला दुसरं काम काय आहे!

मी घेतला तो कागद. दोन्ही हातांनी घेतला.

आणि मी तुम्हाला छातीवर हात ठेवून सांगतो, असं काम मी कधी केलं नव्हतं! पहिल्याच दिवशी ऑलिव्हचं तेल शोधायला निघालो. जळगावात किराणा दुकानदार विचारतो, "कसलं तेल?" मग एका मेडिकलवाल्याने काढून दिलं, एवढीशी बाटली, वर रांगणाऱ्या बाळाचा फोटो. अंगाला चोळायची होती ती! आबा म्हणाले, "हे तर बाळंतिणीच्या खोलीतलं शे." तरी मी हटलो नाही. मॉलमधून खाण्याचं आणलं, पाच लिटरचा डबा, मोटरसायकलवर पोटाशी धरून, एखादं लेकरू आणावं तसा. मायला पत्रक केलं, सोमवार ते रविवार, दोन वेळचं, भिंतीला चिकटवलं. बुधवारी बाजारातून मासे मी आणायचो. काकडी, टोमॅटो, मुळा मी चिरायचो. मी! ज्याने कधी पाण्याचा ग्लास उचलून ठेवला नव्हता!

आणि मॅडम म्हणाल्या होत्या, "एकट्या पेशंटला वेगळं वाढू नका, सगळं घर तेच खा, म्हणजे तो पाळेल." म्हणून मीही तेच खायचो. सहा महिने! जळगावात राहून सहा महिने शेवभाजी नाही, वरण-बट्टी नाही, कचोरी नाही. मित्राच्या हळदीला गेलो तर पत्रावळीवर काकडी घेऊन बसलो. स्वप्नील म्हणजे माझा जिगरी, तो म्हणाला, "कावीळ झालीय का रे तुला?" अकरा किलो उतरलो, पँट दोरीने बांधायची वेळ आली. का केलं? आबा एकटे पडू नयेत म्हणून! ताटावर आम्ही दोघं समोरासमोर, ते उकडलेल्या चवळीकडे बघायचे, मी त्यांच्याकडे बघायचो, आणि आम्ही दोघं एकदम घास घ्यायचो. तुम्हाला सांगतो, त्या घासांमध्ये माझं आणि माझ्या बापाचं जे काही बिनसलं होतं ते हळूहळू... जाऊ द्या. असं मला वाटत होतं. मला काय, मूर्खाला काहीही वाटतं!

रविवारी सकाळी नऊ वाजता परीक्षा. आबा ओट्यावर मांडी घालून, मी खाली पाटावर. "आबा, भाजी दिवसातून दोनदा?" "दोनदा? तीनदा." "फळं?" "रोज केळी. केळी सोडून दुसरं काय खाणार रे, जळगाव शे हे." "लोणी, मलई?" आबा डोळे मिटून मान हलवायचे, जसं काही लोणी हा शब्दच ऐकला नाही. "गोड, बेकरी?" "राम राम राम." "डाळी आठवड्यातून तीनदा?" आणि इथे... इथे बघा, इथे मला कळायला पाहिजे होतं... इथे आबा थोडं हसायचे. "डाळीचं तर विचारूच नको. डाळीत आपण पक्के." मी करायचो बरोबरची खूण! आणि शेवटी तो एक प्रश्न होता, वाईनचा. त्या समुद्राकाठच्या लोकांना जेवणाबरोबर वाईन लागते, म्हणून मूळ कागदात तोही प्रश्न. मॅडमनी बजावलं होतं, सुरू करायची नाही, मार्क गेला तर जाऊ द्या. पण आबा त्या प्रश्नाला असे ताठ बसायचे! "लिही, शून्य. आपल्या घरात बाटली आली नही अन् येणार नही. शून्य लिही, ठळक लिही." त्या एका शून्यावर बाकीचे तेरा असे चमकायचे! खोटं बोलणारा माणूस एक मार्क स्वतःहून सोडेल का, मला सांगा? चौदापैकी तेरा! मी खाली सही करायचो, तारीख टाकायचो, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावायचो. मायला ओरडून सांगायचो, "माय, तेरा!" आणि माय आतून म्हणायची, "हाव रे बेटा."

हाव रे बेटा! ते "हाव रे बेटा" आता आठवतं ना, तर भिंतीवर डोकं आपटावंसं वाटतं!

खुणा नव्हत्या असं नाही. मी अकरा किलो उतरलो, आबा तीन किलो चढले. विचारलं तर म्हणाले, "चालून चालून मांड्या भरल्या." चालायला जायचे ना! मॅडमनी सांगितलेलं, सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास. एक दिवस खाडा नाही, पावसातसुद्धा छत्री घेऊन! मी मित्रांना अभिमानाने सांगायचो. आणि चालायचे कुठे? झुलाल नानांच्या घरी. पाटबंधाऱ्यातलेच, आबांबरोबर रिटायर झालेले, दोन गल्ल्या सोडून राहतात. चार मिनिटांचं अंतर हो! पाऊण तासातली चार मिनिटं जायला, चार यायला, आणि मधली सदतीस मिनिटं... त्या सदतीस मिनिटांचं मला नोव्हेंबरात कळलं.

नोव्हेंबर आला. आमच्याकडे नोव्हेंबरात काय होतं, इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. वांगी येतात. ती हिरवी, लांबोळकी, दुधी भोपळ्याएवढी. आणि गावोगाव शेतात भरीत पार्ट्या सुरू. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, त्यावर पोतंभर वांगी भाजायची, लाकडाच्या भांड्यात ठेचायची, मग कढईत तेल... तेल म्हणजे किती? तर वांगं पोहलं पाहिजे! हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, आणि वर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या, त्याही तळलेल्या. मला सहा आमंत्रणं होती. सहाच्या सहा मी नाकारली. म्हटलं, आबांना मोह होईल.

शनिवार. सोमवारी आमची धुळ्याची तारीख, सहा महिन्यांची तपासणी. आबा सकाळी दहाला तयार. "कुठे?" "बँकेत. हयातीचा दाखला द्यायचा शे." पेन्शनरला नोव्हेंबरात द्यावा लागतो ना, की मी अजून जिवंत आहे. मी म्हटलं, सोडतो गाडीवर. "नको नको, चालत जातो. तेवढंच चालणं." माय पण निघाली, म्हणे, "बहिणीकडे जाऊन येते." ठीक. मी एकटा घरी. चवळी खाल्ली. काकडी खाल्ली. मोबाइल उघडला. आणि झुलाल नानांचं व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस...

तुम्हाला सांगतो, मी ते सात वेळा बघितलं. तीस सेकंदांचा व्हिडिओ. निंबाखाली चटई. धूर. आणि मधोमध माझा बाप, बनियनवर, घामाने निथळत, दोन्ही हातांनी मुसळ धरून वांगी ठेचतोय! आणि मागून झुलाल नानांचा आवाज, "अरे भिकन, हळू! भांडं फुटी!" आणि कॅमेरा फिरतो, आणि कढईपाशी पुऱ्या तळतंय कोण? माय! माझी माय! आणि तिची ती बहीण कुठे आहे? बहीण शेजारी पुऱ्या लाटतेय!

हयातीचा दाखला द्यायला गेला होता माझा बाप! दिला हो, दिला, अख्ख्या जळगावला दिला, व्हिडिओसकट!

शेत झुलाल नानांचं, नशिराबादच्या पुढे. मोटरसायकल कशी हाणली मला माहीत नाही. बांधावर गाडी टाकली आणि चालत गेलो. वीस-पंचवीस माणसं पंगतीला. मला बघितलं आणि सगळ्या पंगतीने माना पत्रावळीत घातल्या. गल्लीतली माणसं होती हो ती! किराणावाला, इस्त्रीवाला, समोरच्या प्रमिलाबाई... म्हणजे सगळ्यांना माहीत होतं! प्रमिलाबाई तर माझ्याकडून दर रविवारी विचारून घ्यायच्या, "किती आले रे आबांचे?" आणि मी सांगायचो, तेरा! आणि ती बाई, "वा वा!" आणि शुक्रवारी तिच्याच घरून झुलाल नानांकडे शेवभाजीचा डबा जायचा, हे मला तिथे, त्या शेतात कळलं. बाकीच्या दिवशी कुणाचा? बाकीच्या दिवशी मायचा! मी सकाळी व्यायामाला गेलो की गॅसवर दुसरी कढई चढायची, डबा भरायचा, डबा पुढे जायचा आणि आबा मागून चालायला निघायचे!

झुलाल नानांनी तरी काय म्हणावं? "ये रे भो योगा, बस, गरम गरम शे!" बस? मी बसू?

मी म्हटलं, "आबा, हे काय आहे?" आणि आबांनी... हातात पुरी, पुरीत भरीत, मनगटापर्यंत तेल... शांतपणे वर बघितलं आणि म्हणाले, "वांगं. वांगं म्हणजे भाजी. पात म्हणजे भाजी. शेंगदाणे म्हणजे सुकामेवा. टोमॅटो बी शे जरासा. तुझ्या त्या कागदात चार-पाच खुणा इथल्या इथे होतात." पंगतीत कुणीतरी फिसकन हसलं. मी म्हटलं, "आणि तेल?" तर म्हणतात, "तेल शेंगदाण्याचं. झाडालाच लागतं ना ते?" शेंगदाणा जमिनीत लागतो, आबा! तीस वर्षं ज्याला पाणी सोडलं तो शेंगदाणा कुठे लागतो एवढं तरी खरं बोला!

मग मी बोललो. जे तोंडात आलं ते बोललो, मोठी माणसं बघितली नाहीत, बायका बघितल्या नाहीत. म्हटलं, तुम्ही सगळे मिळून या माणसाला मारताय, आणि माझ्या हाताने लिहून घेताय की तो बरा होतोय! म्हटलं, मी कॉलेज सोडलं तर घरी येऊन सांगितलं, तुमच्यातल्या एकात तेवढी हिंमत नाही, पांढऱ्या केसांचे झालात नुसते! मला एकाने तरी सांगायचं होतं ना! एकाने!

आणि तेव्हा माय उठली. झारा हातातच. माय रागावली की तिची सगळी शहरी भाषा गळून पडते. म्हणाली, "कसं सांगाचं तुले? कसं? कॉलेज सोडीसन घर बसना तू, दिवसभर भिंतकडे देखे, बोले नही, आंघोळ नही. माले रातदिन भ्याव. तो कागद तुन्हा हातमा उना अन् तू सकाळी सातले उठाले लागना. बाजार जावाले लागना. हसाले लागना. तुन्हा बाप बोलना, काहीबी व्हवू दे, पोऱ्यानं हे काम तुटाले नको. म्हणून तो बसे तुन्हासमोर ती चवळी खावाले. रोज दोन जेवणं करे तो, एक तुन्हासाठी, एक पोटसाठी!"

...कळलं का तुम्हाला? मला कळायला वेळ लागला. मी समजत होतो, पेशंट आबा आहेत आणि सांभाळणारा मी आहे. आणि अख्खी गल्ली समजत होती, पेशंट योगेंद्र आहे, त्याला तेरा द्या! पोरगं खूश राहतं! सव्वीस आठवडे वीस-पंचवीस माणसं माझ्यावर उपचार करत होती हो, आणि मी तिकडे मुळे चिरत होतो!

चीड यावी की रडू यावं, तेही कळेना. कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं, पण हे... हे प्रेमाने गंडवलेलं, याचं काय करायचं माणसाने?

घरी येताना आबा मागे बसले होते. गाडीवर, माझ्या कानाशी, अगदी हळू, "डॉक्टरले काही सांगू नको हं. मंगळवारपासून मी खरं सुरू करतो." मी म्हटलं, "मंगळवारपासून का?" तर म्हणाले, "सोमवारी धुळ्याला जायचं शे ना, रस्त्यात ढाबा शे."

सोमवार. धुळे. रक्त दिलं, ट्रेडमिलच्या पट्ट्यावर पळवलं, दोन तास बसवलं. मग केबिन. मॅडमनी रिपोर्ट बघितला, माझं फोल्डर बघितलं. एक एक कागद उलटला. सव्वीस कागद, सव्वीस सह्या. परत रिपोर्ट बघितला. आणि त्यांचा चेहरा... मॅडम म्हणाल्या, "काका, मला वाईट वाटतंय. कोलेस्टेरॉल वाढलंय. पट्ट्यावर चौथ्या मिनिटाला ईसीजी बिघडलाय. एवढा चोख आहार पाळूनसुद्धा वाढत असेल, तर तुमच्या शरीराला जेवणाचा उपयोग होत नाहीये. आता वाट बघण्यात अर्थ नाही. बायपासचं पत्र देते." आणि पॅड ओढलं.

आबांचा हात शर्टाच्या बटणाकडे गेला. बटण लागलेलंच होतं. तरी चाचपत राहिले.

मी मायकडे बघितलं. माय खाली बघतेय. आबांकडे बघितलं. आबा भिंतीवरच्या त्या हृदयाच्या चित्राकडे बघतायत. आणि तुम्हाला सांगतो, माझा बाप बोलणार नव्हता! छाती उघडून घेतली असती त्याने, पण एका डॉक्टरणीसमोर, मायसमोर, खोटं बोललो हे कबूल केलं नसतं. आणि त्याहून बेकार म्हणजे, मी लिहिलेलं खोटं ठरू दिलं नसतं! मॅडमचं पेन चालू झालं होतं. नाव लिहून झालं, वय लिहून झालं...

मी म्हटलं, "मॅडम, ते कागद माझे आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे ते सगळं मी खाल्लंय. यांनी नाही. यांना शून्य द्या. नाही, वाईन पीत नाहीत, ते खरं आहे, पण त्याचा मार्क मिळत नाही."

मॅडमचं पेन थांबलं. आबा म्हणाले, "योग्या!" असे म्हणाले, की लहानपणी पाटात पोहताना पकडलं होतं तेव्हाही तसं म्हणाले नव्हते. मग मॅडमनी विचारलं, "काका, खरं सांगा, काय काय खात होता?" आणि मग ती शेव! मग ते बेसन, तो हरभरा, ते हात जोडणं! मॅडम ऐकत होत्या. हसल्या नाहीत, हे मला आवडलं त्यांचं. त्यांनी ते पत्र फाडलं. म्हणाल्या, "हे आज कळलं नसतं ना, काका, तर मी तुम्हाला छाती उघडायला पाठवलं असतं. शेवभाजीपायी. आता गोळी वाढवते, तीन महिने देते. पण या वेळी खरं. खोटे तेरा मला नकोत. खरे चार आणा, मी चारवर उपचार करीन."

आणि माझंही रक्त घेतलं, सहज म्हणून. रिपोर्ट बघून नर्सने दुसऱ्या नर्सला दाखवला. एवढं स्वच्छ रक्त त्यांनी त्या आठवड्यात बघितलं नव्हतं.

येताना एसटीत आबा माझ्याशी बोलले नाहीत. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, नाही बोलले. गल्लीत तर विचारूच नका. "पोऱ्यानं बापनी चुगली करी." किराणावाला साखर बांधून देतो, पण तोंड वळवून. प्रमिलाबाईंनी दार लावलं. झुलाल नाना सोडून कुणी हाक मारत नाही, आणि झुलाल नाना पण मारतात ती आबांना विचारायला, की डबा आता खरंच बंद का?

बंद. खरंच बंद. मायने ती दुसरी कढई माळ्यावर टाकली. आबा आता खरोखर चालतात, मेहरुणच्या तलावाला वळसा घालून येतात, चप्पल झिजलीय, मी तपासली. आणि परवा रविवारी, नऊ वाजता, मी काही न बोलता पेपर वाचत बसलो होतो, मी कशाला बोलू, माझं काम संपलं होतं... तर आबा स्वतः आले. ओट्यावर नाही बसले, खाली माझ्याशेजारी पाटावर बसले. हातात कागद. स्वतः भरलेला. कालव्याच्या रजिस्टरात लिहायचे तसं वळणदार अक्षर. खाली बेरीज. सहा.

"सहाच शेतस," म्हणाले. "बुधवारी एक कचोरी झाली. लिहिलीय."

चौदापैकी सहा! आणि मला हो, काय सांगू, इतका आनंद झाला! सहा! खरे सहा! मी तो कागद घेऊन गॅलरीत गेलो, मॅडमना फोन लावला. म्हटलं, "मॅडम, आबांचे सहा आले, खरे आहेत, स्वतः भरलेत." मॅडम म्हणाल्या, "अरे वा! सहा खूप झाले." मी म्हटलं, "सहा खूप कसे? चौदापैकी?" त्या म्हणाल्या, "योगेंद्र, मी दोनशे पेशंटना हा कागद दिलाय. निम्मे भरत नाहीत, उरलेले खोटं भरतात. खरे सहा माझ्याकडे फार नाहीत." मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी विचारलं, "मॅडम, तुमचे किती येतात?"

 

"ओपीडी संपायला चार वाजतात रे मला..." मॅडम म्हणाल्या. "खाली वडापाववाला आहे. घरी गेल्यावर कोण चिरत बसणार मुळा?"

"किती, मॅडम?"

"...पाच."

मी फोन ठेवला.  माझं वजन कमी, रक्त स्वच्छ, फोल्डरमधले तेरा खरं तर माझेच. आयुष्यात पहिल्यांदा मी पहिला आलो हो... आणि परीक्षेला दुसरं कुणी बसलंच नव्हतं.